हरेश्वरदादाचा चुकलेला अंदाज

हरेश्वरदादा मंगळवारी सकाळी गेला. बोईसरजवळच्या नवापूरला, समुद्राकाठच्या घरीच.

त्याच्याबद्दल एक गोष्ट आमच्या कारखान्यात कायम अर्धी सांगितली गेली. उरलेली अर्धी माझ्याकडे आहे.

आधी जे घडलं ते, क्रमाने.

१. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, ऑक्टोबरमधल्या एका रविवारी, मनोरच्या पुढे डोंगराखालच्या माळावर मोटरसायकलची मातीवरची शर्यत होती.

२. आमच्या बोईसरच्या कारखान्यातला फिटर बाळू त्यात उतरला होता. पहिल्या तिघांना पुण्याची एक टीम घेणार होती.

३. पाऊस पडणार नाही, असं हरेश्वरदादाने शनिवारी सांगितलं. म्हणून बाळूने कोरड्या मातीचे टायर लावले.

४. शर्यतीच्या अर्धा तास आधी जोरदार पाऊस झाला.

५. दुसऱ्या फेरीत बाळू घसरला. उजवं मनगट मोडलं. टीमची संधी गेली.

एवढं सगळ्यांना माहीत आहे.

मी तेव्हा इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा करून नुकतीच ट्रेनी लागले होते. हरेश्वरदादा माझा सीनियर. घरची मासेमारीची बोट भावांकडे, हा कारखान्यात. पण हवामान विचारायला सगळे त्याच्याकडेच यायचे. स्लॅब टाकायचा असो की लग्नाचा मांडव.

शर्यतीच्या आधीचा आठवडा जेवणाच्या सुट्टीत दुसरा विषय नव्हता. माती कोरडी राहिली तर बाळू पहिला. ओली झाली तर बटण टायर लावायचे, म्हणजे चिखलात पकड धरणारे, जाड नक्षीचे. पण कोरड्यात तेच टायर गाडी जड करतात. जोडी एकच लावता येणार. निर्णय शनिवारी.

शनिवारी जेवताना बाळूने विचारलं, "दादा, पाऊस?"

"मतलय सुरू झाला. जमिनीवरून दर्यात जातो तो वारा. आता पाऊस नाय."

कॅन्टीनचे पांडेजी ताट ठेवता ठेवता म्हणाले, "बारिश हुई तो बालू रेस नहीं, मछली पकड़ेगा."

"मग जाळा मी देतो त्याला," दादा म्हणाला.

बाळू हसला. तो विक्रमगडकडचा, डोंगरातला. मग म्हणाला, "दादा, पन आमच्याकडं दोन दिवस संध्याकाळचा ढग बसतोय."

"डोंगरातला ढग डोंगरातच राहतो रे. आमी लहानपणापासून बघतो."

खरं होतं. पण त्याने तो ढग नेहमी बोटीतून पाहिला होता, डोंगराकडे पाठ करून बाहेर जाताना. शर्यत डोंगराच्या पायथ्याशी होती.

"तुमी म्हणता तर नाय," बाळू म्हणाला. मोठ्या माणसाशी तो वाद घालायचा नाही.

मग दादा माझ्याकडे वळला.

"काय गो, तुजा यंत्र काय बोलतो?"

आमच्या कॅलिब्रेशन रूममध्ये बॅरोमीटर होता. मी रोज सकाळी दहाला त्याचं रीडिंग लॉगशीटवर लिहायचे. तीन दिवस ते सलग उतरत होतं, म्हणजे हवेचा दाब कमी होत होता, पावसाचं लक्षण.

मी म्हणाले, "तो बॅरोमीटर बाकीचे गेज तपासायला असतो, दादा. हवामानाला नाही."

वाक्य तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं.

एका बॅरोमीटरवरून पाऊस सांगता येत नाही, हेही बरोबर. पण "तीन दिवस उतरतोय" एवढं सांगता आलं असतं. बाळूच्या ढगाला कोणाची तरी साथ मिळाली असती.

मी नवीन होते. शिफ्टमध्ये एकटी मुलगी होते. सगळ्यांसमोर चुकण्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

त्या दुपारी कोरडे टायर लागले.

पुढे बाळू आठवडाभर पालघरला हॉस्पिटलमध्ये होता. दादा रोज ड्यूटी सुटली की एसटीने जायचा. डब्यात भात आणि बोंबलाचं कालवण. बाळूला डाव्या हाताने जेवता येईना, म्हणून दादा भरवायचा. मी एकदा समोर होते.

"सांबाळून. काटा असंल."

"दादा, मी लहान हाय का?"

"नाय. आ कर."

प्लास्टर निघाल्यावर बाळूने नोकरी सोडली. वापीकडे गेला असं ऐकलं. जाताना दादाला भेटला नाही.

त्यानंतर दादाने कोणालाही हवामान सांगितलं नाही.

"दादा, उद्या स्लॅब आहे. पाऊस?"

"वर बघ नि टाक."

मी मात्र भेटले की तो एकच विचारायचा. "बाळूचा काय कळला? रागावला असंल काय गो?"

मला माहीत नसायचं.

मागच्या मे महिन्यात मी नवापूरला गेले. तो ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसला होता. मी त्याला बॅरोमीटरचं सांगितलं. एवढ्या वर्षांनी, पहिल्यांदा.

त्याने मान वर केली नाही.

"मना माईत हाय."

"कसं?"

"तुज्या लॉगशीटवर सोमवारी सही कोण करायचा? तीन दिवसांचे आकडे माज्यासमोर होते."

"मग तू कोणाला बोलला का नाहीस?"

"तू नवी पोर. तुज्यावर टाकून त्याचा हात बरा झाला असता?"

जाळ्याची गाठ मारत म्हणाला, "अंदाज माजाच होता. तू फक्त बोलली नाय."

त्यातला "फक्त" मला मान्य नाही. पण वाद घालायला आता तो नाही.

दादा, तुला शेवटचा नमस्कार. माझी चूक तू इतकी वर्षं तुझ्या नावावर ठेवलीस.

आणि बाळू, हे तुझ्यापर्यंत पोचलं तर. त्या शनिवारी तू बरोबर होतास, आणि ते मला माहीत होतं. राग असेल तर तो माझ्यावर धर. दादावर ठेवू नकोस.

बाळूला ओळखणाऱ्यांनी हे कृपया त्याला दाखवावं.

दहावं येत्या गुरुवारी सकाळी, नवापूरला. बाळू, येणार आहेस की नाही, ते मला बुधवारपर्यंत कळव. येणार नसलास तरी कळव.