सफरकुलीने सांगितलेली नावाची गोष्ट

सफरकुलीबद्दल इमामवर्दीला फार थोडं ठाऊक होतं. दोघांच्या घरांची भिंत एक होती आणि एकाच्या छपरावरचं बर्फ लोटलं की ते दुसऱ्याच्या अंगणात पडायचं. तरी बायको गेल्यावर सफरकुलीने दुसरं लग्न का केलं नाही, लाकडी फावडं तासताना तो स्वतःशी काय पुटपुटायचा, हे इमामवर्दीला कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर त्याने कळून घेतलंच नाही. त्याला त्या माणसाची भीती वाटायची.

हे गावाला कळलं असतं तर गाव हसून लोळलं असतं. कारण सफरकुलीइतका भित्रा माणूस पंचक्रोशीत नव्हता. तो कुत्र्याला भ्यायचा, विहिरीला भ्यायचा, शाळामास्तरच्या चष्म्यालासुद्धा भ्यायचा. पाण्याला निघालेल्या बायका मुद्दाम ओरडायच्या, "सफरकुली, मागे बघ, तुझी सावली लागलीय पाठीला!" आणि तो खरोखर वळून बघायचा.

पण बावीस वर्षांपूर्वी खिंडीत या माणसाने एक गोष्ट डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती पाहिली असल्याचं इमामवर्दीला माहीत होतं.

त्या हिवाळ्यात इमामवर्दीची बायको तरलान पहिल्यांदा बाळंत व्हायची होती. दोन दिवस कळा देऊन झाल्या. मूल आडवं आलेलं. बाळंतिणीचं काळीज पळवणारी आल नावाची चेटकीण घरात शिरू नये म्हणून सुईण बीबी शरफने लोखंडी सळईला कांदे टोचून ती उशाशी ठेवली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या हातात काही राहिलं नाही. आश्तियानच्या डॉक्टरकडे न्या. आत्ता उचला."

शिडीवर दोन गोधड्या टाकून तरलानला बांधली. आठ माणसं निघाली. सफरकुलीला कुणी नेलं नसतं, पण बर्फ लोटायची फावडी तो करायचा आणि ती चालवायचा हातही त्याचाच चांगला, म्हणून त्याला वाट करायला पुढे घातला. सुईणीने ती कांद्याची सळईही त्याच्याच हातात दिली.

खिंडीच्या माथ्यावर वारा फिरला. स्वतःचा हात स्वतःला दिसेना. मेंढपाळांनी रचलेला एक दगडी आडोसा होता, अर्धं छप्पर उडालेला. त्यात शिडी टेकवली. गावचा कदखुदा सोबत होता. त्याचा शब्द गावात कुणी मोडत नसे. तो तोंडाला फडकं बांधत म्हणाला, "नवांनी मरण्यापेक्षा..." पुढचं त्याने गिळलं. मग म्हणाला, "खाली उतरू. वारा पडला की परत येऊ."

याचा अर्थ न कळण्याइतकं लहान तिथे कुणी नव्हतं. माणसं एकेक करून उठली.

इमामवर्दीही उठला. पुढे तो लोकांना सांगत आला की मी त्यांना थांबवायला गेलो होतो. पण तो थांबवायला गेला नव्हता. तो निघाला होता. सात पावलं, फार तर आठ. पायांत जीव नव्हता आणि डोक्यात एकच गोष्ट होती, की पुढच्या माणसाची पाठ दिसते आहे तोवर तिच्यामागे चालत राहायचं. तरलान कण्हत होती ते वाऱ्यात ऐकू येत नव्हतं. ऐकू येत नव्हतं हे बरं, असंही त्याला वाटलं.

मग त्याने मागे पाहिलं. सफरकुली शिडीच्या डोक्याशी बसला होता. दात वाजत होते, अंग लटलट कापत होतं आणि ती कांद्याची सळई त्याने दोन्ही हातांनी तलवारीसारखी समोर धरली होती. तो सरळ इमामवर्दीकडे बघत होता.

"इमाम," तो ओरडला, "मला एकट्याला भीती वाटते रे!"

इमामवर्दी परत फिरला.

तासाभराने वारा पडला. बाकीचे फार लांब गेलेच नव्हते. माना खाली घालून ते परत आले. दिवस मावळता आश्तियान गाठलं. तरलान वाचली, मुलगीही वाचली. तरलान अर्धवट शुद्धीवर असताना तिने उशाशी नवऱ्याचा हात चाचपला होता, तेवढंच तिला आठवत होतं. पाणवठ्यावर ती सगळ्यांना सांगायची, "कदखुदासुद्धा पळाला, पण माझा माणूस हलला नाही."

त्या वाक्याने इमामवर्दीच्या घशाखाली बावीस वर्षं घास नीट उतरला नाही. सफरकुली चार माणसांत तोंड उघडू लागला की हा काहीतरी निमित्त काढून उठायचा. लग्नात, मातीला, धान्य उफणताना तो सफरकुलीपासून दूर बसायचा. घरी त्याला एकदाही जेवायला बोलावलं नाही. तरलान विचारायची, "बिचारा एकटा असतो, का बोलावत नाही?" हा म्हणायचा, "लाजतो तो."

मग त्या वर्षी, बर्फ पडायच्या आधी, तेहरानच्या विद्यापीठातून एक पाहुणा आला. दोन चाकांचं आवाज पकडणारं यंत्र त्याच्याबरोबर होतं. या गावची, खलज लोकांची बोली आता थोड्याच गावांत उरली आहे, ती त्याला जपून ठेवायची होती. भर दुपारी कदखुदाच्या घरी सगळे शेगडीच्या चौरंगाभोवती, गोधडीखाली पाय घालून बसले. दारात बायकांची गर्दी. त्यांत तरलान होती, आणि माहेरपणाला आलेली तिची मुलगीही.

पाहुण्याने विचारलं, "तुम्हाला खलज का म्हणतात?"

शाळामास्तर चष्मा सावरून म्हणाला, "आपण ओगूझ तुर्कांच्या काळचे लोक. आपल्यातलीच एक शाखा हिंदुस्थानात गेली आणि दिल्लीच्या तख्तावर बसली."

"आणि आपल्याला अक्रोड फोडायला मागे ठेवलं होय?" कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

"नावाबद्दल पुस्तकांचं एकमत नाही," पाहुणा म्हणाला, "म्हणून तर म्हाताऱ्यांना विचारतोय."

"म्हातारीला विचारायला हवं होतं. बीबी शरफ गेली," कदखुदा म्हणाला. "आता ती गोष्ट सफरकुलीलाच पुरी येते, त्याच्या आजीकडून. ये रे पुढे."

इमामवर्दीचे गोधडीखालचे पाय गार पडले. ती गोष्ट कशाची आहे ते त्याला ठाऊक होतं.

सफरकुली यंत्रापासून हातभर दूर बसला. "चावत नाही ना हे?"

"बोल ना सफरदादा," दारातून तरलान म्हणाली. "यंत्र आहे, सासरा नाही."

तो बोलू लागला. आधी आवाज फुटेना, मग लागला. ओगूझ खानाचं लष्कर मोहिमेवरून परत येत होतं. खानाचा हुकूम होता, मागे कुणी राहायचं नाही. वाटेत एक बाई बाळंत झाली. पोटात अन्न नाही, अंगावर दूध नाही. लष्कर पुढे गेलं.

"आणि नवरा राहिला तिच्याजवळ," कदखुदा म्हणाला.

"नाही," सफरकुली म्हणाला. "नवरा निघाला होता."

इमामवर्दीला वाटलं, आता संपलं. त्याने दाराकडे पाहिलं. तरलान ओढणीची किनार दातात धरून ऐकत होती. उठून जावं तर सगळे बघतील. यंत्राची चाकं फिरत होती आणि त्याच्या कानांत त्या दिवशीचा वारा भरला.

"काहीतरी काय!" मास्तर म्हणाला. "नवरा राहिला, अशीच गोष्ट आहे."

"माझ्या आजीच्या गोष्टीत तो चार पावलं गेला," सफरकुली म्हणाला. "माणूसच तो. लष्कर चाललंय, कोण भिणार नाही? मी तर पळालोच असतो. पण तो परत फिरला. एका कोल्ह्याने रानकोंबडा धरला होता. याने काठी फेकून तो सोडवला, भाजला, बायकोला खाऊ घातला. तिला दूध आलं. मग पोराला घेऊन दोघांनी लष्कर गाठलं. खान चिडला. म्हणाला, कल, आच! थांब तू, राहा उपाशी! त्या कल-आचचंच पुढे खलज झालं. खानाला फक्त उशीर दिसला. आजी म्हणायची, तो परत फिरला म्हणून आपण आहोत. आधी निघाला होता ते कशाला धरून बसायचं?"

कदखुदा खाकरला. बावीस वर्षांत खिंडीचं नाव त्याने स्वतःहून कधी काढलं नव्हतं. "तू खिंडीत होतास ना रे, सफरकुली. ते पण सांग पाहुण्यांना. आम्ही गेल्यावर मागे काय झालं?"

इमामवर्दीने डोळे मिटून घेतले.

"मला काय ठाऊक?" सफरकुली म्हणाला. "मी आलच्या भीतीने डोळे गच्च मिटून बसलो होतो. उघडले तेव्हा इमाम तिथेच होता."

"अगं बाई, सफरदादा!" तरलान हसली. बाकीचेही हसले. पाहुण्याने यंत्र बंद केलं.

दुपार कलताना दोघं एकाच वाटेने घरी निघाले. इमामवर्दीला पुष्कळ बोलायचं होतं. तो मेंढरांबद्दलच बोलत राहिला. दुसऱ्या दिवशी पहाटे तो मेंढरं घेऊन खालच्या कुरणात गेला. नवव्या दिवशी परतला तेव्हा सफरकुलीला पुरून तीन दिवस झाले होते. झोपेतच गेला म्हणे.

त्या दुपारी मात्र सफरकुली आपल्या दाराशी पोचला होता. इमामवर्दी मागून म्हणाला, "सफरदादा, आत ये की आमच्याकडे. तरलानने आश केलंय."

"कसलं?"

"शेवया आणि दह्याचं."

"आंबट असेल."

"असेल थोडं."

"मग नको रे. रात्रभर पोटात जळजळतं. उद्या दुसरं काही केलंत तर हाक मार."

"मारतो."

"भिंतीवरून मार. कुत्रं सुटलेलं असतं तुमचं."

"बांधतो त्याला."

"हां. बांध."