दोन नंबरच्या पिस्तुलाचा रिपोर्ट

"उस्ताद, चार लाइन लिख दो. दो नंबर सबसे अच्छा. साइन करो और छुट्टी."

बाफनाजी टेबलाच्या पलीकडे उभे होते. टेबलावर हिरवं कापड आणि कापडावर तीन पिस्तुलं. प्रत्येकावर मी चिकटपट्टी लावून नंबर लिहिला होता. एक, दोन, तीन. कंपनीचं नाव त्या पट्टीखाली झाकलं होतं. नाव दिसलं की हाताळण्याआधीच माणूस मत बनवतो. बाफनाजींचं मत मात्र आधीच बनलं होतं, कारण कोणता नंबर कोणत्या कंपनीचा हे त्यांना पाठ होतं.

"अजून मेंबर लोकांनी चालवून पाहिलं नाही," मी म्हणालो.

"आपने चलाया ना? आपका ग्रुप मैंने देखा. अब क्या बाकी है?"

मी पोलिसात आर्मोरर होतो. आर्मोरर म्हणजे हत्यारांचा मिस्त्री. बंदूक दुसरे चालवतात, आम्ही ती खोलतो, पुसतो, बिघाड शोधतो, आणि शेवटी 'वापरण्यास योग्य' असं लिहून सही करतो. भरती मध्य प्रदेशात झालो. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा माझ्या वाट्याला रायपूर आलं, आणि मग इथलाच झालो. रिटायर झाल्यावर घरी बसायचं ठरवलं होतं. गुडघे गेले होते. उजव्या कानात दिवसरात्र शिट्टी वाजायची, अजूनही वाजते. तेवढ्यात नव्या राजधानीकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा शूटिंग क्लब निघाला. बाफनाजी त्याचे सेक्रेटरी. रायपूरजवळ उरल्याला त्यांची लोखंडाची रोलिंग मिल आहे. ते घरी येऊन बसले, म्हणाले, हफ्त्यातून फक्त दोन दिवस या. दोनाचे पाच कधी झाले ते मला कळलं नाही.

क्लबात येणारे लोक साधे. दोन-तीन डॉक्टर, ठेकेदार, बँकेतले, रेल्वेतले. कोणाला मेडल नको होतं. रविवारी यायचं, कागदी टार्गेटवर वीस-तीस गोळ्या मारायच्या, भोकं मोजायची, घरी जायचं. त्यांच्यासाठी क्लबला नवीन पिस्तुलं घ्यायची होती. जुनी पूर्ण लोखंडी होती. मे महिन्यात रायपूरच्या घामाने त्यांना आठवड्यात गंज यायचा आणि धरून धरून मनगट भरून यायचं.

म्हणून पॉलिमर. पॉलिमर म्हणजे एक मजबूत जातीचं प्लास्टिक. पिस्तूल अख्खं त्याचं नसतं. वरचा मागेपुढे सरकणारा भाग, ज्याला स्लाइड म्हणतात, तो आणि आतली नळी लोखंडाचीच. खालची मूठ आणि सांगाडा पॉलिमरचा. वजन कमी होतं, गंज कमी लागतो. त्याची किंमतही मोजावी लागते. हत्यार हलकं असलं की हातात जास्त उसळतं.

तिन्ही पिस्तुलं बत्तीस बोरची. मी पंधरा दिवस तेच काम केलं. एक नंबरचा ट्रिगर खरखरीत होता, दाबताना मध्येच अडखळायचा. तीन नंबर दिसायला इस्त्रीसारखं. जाडजूड, बोजड. माझ्या हातून त्याच्या गोळ्या हातभर नाही, पण तळहातभर पसरायच्या. दोन नंबर देखणं होतं. बारीक मूठ, साफ ट्रिगर. पाच गोळ्या मारल्यावर टार्गेटवरची भोकं तीन बोटांखाली झाकली जायची. याला आम्ही ग्रुप म्हणतो. जितका लहान, तितकं हत्यार भरवशाचं. खरं सांगतो, मलाही दोन नंबरच आवडलं होतं. बाफनाजींशी भांडण फक्त एवढंच होतं की रविवारी मेंबरांना चालवू द्या, मग सही करतो.

"ठीक है," ते म्हणाले. "संडे को करा लो. फॉर्मॅलिटी."

रविवारी आठ-दहा लोक आले. त्यात सुलभाताई मेश्राम होत्या. रेल्वेच्या ऑफिसात हेड क्लार्क, माहेर गोंदियाचं. मुलगा नोकरीला पुण्याला गेल्यावर रविवार खायला उठायचा म्हणून क्लबात आल्या होत्या. दीड वर्ष छर्ऱ्याचं एअर पिस्तूल चालवत होत्या आणि हात स्थिर होता. क्लबात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, बाकीच्यांना ती कळायची तेवढीच. मला दादा म्हणायच्या.

त्यांची पाळी आली तेव्हा मी दोन नंबर हातात दिलं. गोळ्या भरलेलं मॅगझिन त्यांनी मुठीत बरोबर लावलं. आता स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडायची, म्हणजे पहिली गोळी नळीत जाते. त्यांनी खेचली. स्लाइड अर्धी आली. परत खेचली. मी उजवीकडच्या माणसाचा चष्मा नीट करून देत होतो. मान वळवली तर पिस्तूल त्यांच्या छातीजवळ होतं, दोन्ही कोपरं बाहेर, आणि नळीचं तोंड समोरच्या टार्गेटकडे नव्हतं. डावीकडे होतं.

डावीकडे बाफनाजी उभे होते. फोनवर बोलत होते.

मी दोन ढांगांत पोचलो. सुलभाताईंचं मनगट धरून नळी समोर फिरवली, पिस्तूल काढून घेतलं, मॅगझिन उतरवलं, स्लाइड मागे ओढली. गोळी टपकन बाहेर पडली. म्हणजे ती नळीत गेलेली होती.

मग मी ओरडलो. ग्राउंडवर रंगरुटांवर ओरडायचो तसा. "डोकं कुठं आहे? दीड वर्ष काय शिकवलं तुम्हाला? माणूस मेला असता इथं. हे खेळणं वाटलं का?" आणखीही बोललो. कानावर मफ लावलेले लोकही वळून पाहू लागले.

त्या एवढंच म्हणाल्या, "दादा, नळी म्या समोरच धरली होती. खेचताना कशी फिरली, मलेच नाही समजलं."

"समजत नसेल तर येऊ नका," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा आणि मफ टेबलावर नीट ठेवले. पर्स घेतली आणि गेल्या. बाफनाजींचा फोन तोवर संपला होता. "क्या हुआ?" त्यांनी विचारलं. कोणीतरी म्हणालं, मॅडमने हत्यार चुकीचं धरलं. "लेडीज़ के लिए एअर पिस्टल ही ठीक है," ते म्हणाले. मी पेटी आवरायला घेतली. मला घरी जायचं होतं.

सोमवारी रिपोर्ट लिहायला बसलो. आधी तिन्ही हत्यारं साफ करायला घेतली. हाताला तेल होतं. दोन नंबरची स्लाइड मागे ओढायला गेलो तर बोटं सटकली. पुन्हा ओढली, पुन्हा सटकली. मग जोर मिळावा म्हणून पिस्तूल छातीजवळ घेतलं, कोपरं बाहेर काढली आणि खेचलं. स्लाइड आली. खाली पाहिलं. नळीचं तोंड समोरच्या भिंतीकडे नव्हतं. डावीकडच्या कपाटाकडे होतं.

पिस्तूल रिकामं होतं. तरी मी ते खाली ठेवलं आणि हाताचं तेल पुसलं.

नोकरीत असताना कोणी शिपाई हत्यार घेऊन आला की माझा पहिला प्रश्न असायचा, हत्याराला काय झालं. तू काय केलंस, हे नंतर. पंचवीस-तीस वर्षं हाच क्रम होता. रविवारी तो उलटा झाला होता.

भनपुरीत एका ओळखीच्या कबाडीवाल्याकडून हुक असलेला ताणकाटा आणला. तो स्लाइडला अडकवला आणि किती जोराने मागे येते ते पाहिलं. दोन नंबरला तीन नंबरच्या जवळजवळ दीडपट जोर लागत होता. कारण साधं आहे. काही पिस्तुलांत धक्का सोसायचं सगळं काम एकट्या स्प्रिंगवर असतं, म्हणून ती कडक ठेवतात. त्यात दोन नंबरच्या स्लाइडवर पकडायच्या खाचा अगदी उथळ. देखणं दिसतं ते त्यामुळेच. माझ्या हातांना सवय होती, म्हणून मला ती स्प्रिंग जाणवलीच नाही.

त्या आठवड्यात पाच मेंबरांना बोलावलं. डमी राउंड दिले, म्हणजे बारूद नसलेल्या गोळ्या. काही न सांगता म्हटलं, दोन नंबर कॉक करा, म्हणजे स्लाइड खेचून सोडा. दोघांनी सरळ केलं. तिघांची नळी डावीकडे फिरली. त्यात एक साठीचे डॉक्टर होते, हाडांचे. त्यांनाही कळलं नाही. तीन नंबर दिलं तेव्हा पाचांपैकी एकाचीही नळी हलली नाही.

मी सुलभाताईंच्या क्वार्टरवर गेलो. दुपारची वेळ, त्यांची सुट्टी होती. दार उघडून त्यांनी आत घेतलं, चहा ठेवला. मी सगळं सांगितलं. काटा, स्प्रिंग, डॉक्टर.

"म्हणजे चूक पिस्तुलाची होती?" त्यांनी विचारलं.

"निम्मी पिस्तुलाची. ते कसं खेचायचं हे न दाखवता तुमच्या हातात दिलं, ती निम्मी माझी."

त्या चहा गाळत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या. "मी तीन दिवस झोपली नाही, दादा. डोळा लागला का कोणी तरी पडलेलं दिसे. मले वाटलं, आपलं वयच झालं. हात ऐकून नाही राहिले."

"मी चुकलो. तसं बोलायला नको होतं."

"हे तुम्ही मले इथं सांगून राहिले," त्या म्हणाल्या. "बोलले होते सगळ्यांसमोर."

चहा प्यायलो आणि निघालो.

शुक्रवारी कमिटीची मीटिंग होती. पाच जण. बाफनाजींनी माझा रिपोर्ट आधीच वाचला होता आणि ते चिडलेले होते.

"उस्ताद, ये क्या लिखा है? 'क्लब के साझा उपयोग के लिए दो नंबर योग्य नहीं.' आपने खुद सबसे अच्छा ग्रुप उसी से मारा."

"हो. एकट्याने घ्यायचं असतं तर मी तेच घेतलं असतं."

"तो? सिखा दो लोगों को. आप किसलिए हो?"

"शिकवता येईल. पण दर रविवारी नवा माणूस येतो. घामेजल्या हाताने येतो. दर वेळी मी शेजारी असेन असं नाही. त्या रविवारी मी शेजारी होतो, तरी मान दुसरीकडे होती."

"उस दिन मॅडम की गलती थी. बात खतम."

हाडांचे डॉक्टरही कमिटीत होते, ते मध्ये बोलले. "मेरा भी घूमा था, बाफनाजी. मुझे पता भी नहीं चला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "उस दिन गोली चेंबर में थी क्या?"

"होती. दुसऱ्यांदा जोराने खेचून सुटली तेव्हा आत गेली असणार. मी स्वतः उतरवली."

"उंगली ट्रिगर पर थी?"

"मला दिसलं नाही, डॉक्टर."

"और नली किसकी तरफ थी?"

हे मी रिपोर्टात लिहिलं नव्हतं. सांगायचंही नव्हतं, पण विचारलं. "बाफनाजींकडे," मी म्हणालो. "पोटाच्या उंचीला. ते फोनवर होते."

बाफनाजींनी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिता खाली ठेवला. "मुझे किसी ने बताया नहीं," ते म्हणाले. आवाज वेगळा होता. त्या दिवशी त्यांना कोणी खरंच सांगितलं नव्हतं. मीही नाही. मी सुलभाताईंवर ओरडण्यात गुंतलो होतो.

कमिटीने तीन नंबर मंजूर केलं. चार नग आले. मेंबरांना आवडले नाहीत. दिसायला भद्दं आहे, असं अजूनही म्हणतात, आणि उस्तादांनी गळ्यात मारलं असंही म्हणतात. दोन नंबर बाफनाजींनी पुढे स्वतःच्या लायसन्सवर घेतलं. छान चालवतात. नळी समोर ठेवूनच कॉक करतात, मी पाहिलं आहे. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलतात.

मीटिंगनंतरच्या रविवारी फायरिंग सुरू व्हायच्या आधी मी सगळ्यांना थांबवलं. सांगितलं की मेश्राम मॅडमना मी जे बोललो ते चुकीचं होतं, दोष हत्याराचा आणि माझा होता. लोकांनी ऐकून घेतलं. दोघा-तिघांना ती गोष्ट आठवतही नव्हती. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्या तिथे नव्हत्या.

त्या एकदाच आल्या, नंतर दोन महिन्यांनी. मी फोन करून बोलावलं होतं. तीन नंबर घेतलं, सरळ कॉक केलं, दहा गोळ्या मारल्या. नऊ काळ्या गोलात. माझ्यापेक्षा चांगला ग्रुप. मी तसं म्हणालो, त्या हसल्या. टार्गेटचा कागद मागून घेतला, घडी करून पर्समध्ये ठेवला. मेंबरशिपचं विचारलं तर म्हणाल्या, "आता रविवारी हार्मोनियमच्या क्लासले जाते, दादा. तिथं बरं वाटते."

मी अजून क्लबातच आहे. गुडघे तसेच आहेत. तुलनेचा रिपोर्ट आता मी वेगळ्या क्रमाने लिहितो. वजन, ट्रिगर, ग्रुप हे सगळं खाली. सगळ्यात वर एक रकाना असतो, 'कोणाच्या हातात देणार?' तो भरल्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही. हा रकाना नोकरीच्या पहिल्या वर्षी सुचायला हवा होता. रिटायर झाल्यावर सुचला, आणि तोवर एक चांगली शूटर हार्मोनियमला गेली होती.