एलेनच्या हातची तलवार

डेल्मर क्रूग विस्कॉन्सिनमधल्या एका तळ्याकाठच्या गावात बर्फ उपसणाऱ्या गाड्या दुरुस्त करायचा. अबोल माणूस. पण रविवारी दुपारी घराच्या तळघरात टेबलाभोवती मंडळी जमली, की त्याच्या जिभेवर सरस्वती नाचायची. राक्षस, किल्ले, शापित जंगलं तो असा रंगवायचा की ऐकणाऱ्याच्या हातातली बिअर कोमट व्हायची. बाकीचे त्या गोष्टीतलं एकेक पात्र होऊन खेळायचे, आणि वार बसला की चुकला हे वीस बाजूंचा फासा ठरवायचा.

शाळेची बस चालवणारा गॉर्डी निस्ट्रम या खेळात सरदार होता. त्याची बायको एलेन लोहारीण व्हायची. तिच्या लोहारणीने आपल्या भट्टीत सरदारासाठी एक तलवार घडवली होती. पुढे एलेन कर्करोगाने गेली. त्यानंतर डेल्मरने गोष्टीतल्या लोहारणीला जहाजात बसवून समुद्रापार पाठवलं. गॉर्डी दर रविवारी येत राहिला.

त्या हिवाळ्यात डेल्मरच्या मनाने घेतलं की खेळ मिळमिळीत झालाय, कुणाला कसली भीतीच उरली नाही. त्याने नवा नियम काढला: लढाईत फाशावर एक पडला की हत्याराला तडा, आणि तडा गेलेल्या हत्याराने पुन्हा एक पडला की तुकडे.

टपाल कचेरीतल्या रोझमेरीला हे मुळीच पटलं नाही. जो जास्त वार करतो त्याचाच फासा जास्त वेळा पडणार, म्हणजे सगळ्यात कसलेल्या लढवय्याचंच हत्यार आधी मोडणार, हा कुठला न्याय, असं तिचं म्हणणं. उद्यापासून सगळे चांगली शस्त्रं घरी ठेवून सोटे घेऊन फिरतील, असंही तिने ऐकवलं. डेल्मर म्हणाला, थंडीत पोलादसुद्धा काडीसारखं मोडतं, मी रोज बघतो. चीजच्या तुकड्यांची बशी संपली तरी वाद संपेना.

गॉर्डीने एकच विचारलं, "एखाद्या उस्तादाने मन लावून घडवलेलं असेल, तर त्याला काही सूट?"

"सूट कुणालाच नाही," डेल्मर म्हणाला. "एकाला दिली की उद्या प्रत्येकाचं हत्यार खास."

"बरोबर आहे," गॉर्डी म्हणाला, आणि नियमाच्या बाजूने त्याने हात वर केला.

काही रविवार गेले. एका पुलावर राक्षसाशी गाठ पडली. गॉर्डीच्या फाशावर एक आला. तलवारीला तडा गेला. तो ती म्यान करू शकला असता. पण रोझमेरीचं पात्र राक्षसाच्या पायाखाली सापडलं होतं, आणि तिला सोडून मागे फिरणारा गॉर्डी नव्हे. त्याने पुन्हा वार केला. पुन्हा एक.

डेल्मर खुर्चीतून उठला. पातं मुठीपासून कसं निखळलं, त्याचे तुकडे पुलाच्या दगडांवर कसे खणखणले, एकेक करून काळ्या पाण्यात कसे बुडाले, हे त्याने हातवारे करत, चवीने सांगितलं. असं रंगवून त्याने कित्येक दिवसांत सांगितलं नव्हतं. बोलून झाल्यावर त्याचं लक्ष गेलं: रोझमेरी खाली मान घालून बसली होती.

मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: ही तर एलेनने घडवलेली तलवार. तो घाईघाईने म्हणाला, "आपण असं धरू या, की मूठ आणि थोडं पातं..."

"नको," गॉर्डी म्हणाला. "तू सांगितलंस तसंच झालं ते."

उरलेली लढाई तो पुलाच्या कठड्याचं लाकूड घेऊन लढला. जाताना नेहमीसारखी त्याने आपली बशी धुवून ठेवली.

पुढच्या रविवारी डेल्मरने गोष्टीच्या वाटेवर एक म्हातारा लोहार आणून बसवला. नदीत बुडालेलं लोखंडही तो म्हणे परत बोलावत असे. गॉर्डीच्या सरदाराने त्याला रामराम केला आणि तो पुढे निघून गेला. त्यानंतर गॉर्डीच्या खाड्यांची सुरुवात झाली. कधी गुडघा दुखायचा, कधी बस धुवायची असायची. वसंतात घर विकून तो ॲरिझोनाला मुलीकडे राहायला गेला.

डेल्मर रोझमेरीजवळ कुरकुरला, की एका कागदावरच्या तलवारीसाठी माणूस इतका मनाला लावून घेतो का.

"तलवारीचं त्याने सोसलं असतं," ती म्हणाली. "मोडताना तुला मजा येत होती, डेल्मर. ते त्याने पाहिलं."

त्याने नियम रद्द केला, पण तोवर टेबलाशी दोघंच उरली होती. गॉर्डीला तो अधूनमधून फोन करायचा. प्रत्येक वेळी ठरवून करायचा, आज बोलायचंच. मग गॉर्डी विचारायचा, तळं गोठलं का, मासे लागतायत का, आणि डेल्मर बर्फाची जाडी सांगत बसायचा. एकदा मात्र त्याने धीर केला. "गॉर्डी, त्या पुलावर मी..."



"एलेनला तुझं गोष्ट सांगणं फार आवडायचं," गॉर्डी म्हणाला. मग मुलगी जेवायला हाक मारतेय असं सांगून त्याने फोन ठेवला. तिथे तेव्हा जेमतेम चार वाजले होते.