कॅसेटवरचे ड्रम्स माझे आहेत

आमच्या बँडच्या गायकाने मला फसवलं. पहिल्या कॅसेटवरचे सगळे ड्रम्स मी वाजवले आणि कव्हरवर ड्रमर म्हणून त्याने फोटो छापला स्वतःच्या मावसभावाचा. मावसभावाचे केस लांब होते, एवढीच त्याची लायकी.

मी गेवराईच्या किराणा दुकानदाराचा मुलगा. लग्नाच्या वरातींमागे फिरून हलगी शिकलो. हलगीच्या दोन काड्या सारख्या नसतात. उजव्या हातात आखूड, जाड. डाव्यात लांब, बारीक. घरी केबल आली तेव्हा हेवी मेटल पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, एवढा दणदणाट तर आपल्याकडच्या वरातीत असतोच. बीडच्या एका बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रावाल्याशी सकाळपासून घासाघीस करून ड्रमसेट मिळवला, वर झांजाही उकळल्या. काड्या मात्र हलगीच्याच ठेवल्या. त्यामुळे माझ्या प्रत्येक दणक्याआधी एक बारीक कडाका ऐकू येतो. कॅसेट गाजली ती त्या कडाक्यावर.

ती गाजल्यावर गायकाने बीडला कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम ठेवला. मला कळवलंही नाही. मी तिकीट काढून पहिल्या रांगेत बसलो, काड्या पिशवीत. मावसभाऊ एकसारख्या काड्या घेऊन वर बसला. पहिल्याच गाण्याला पोरं ओरडू लागली, "कॅसेटवानी वाजीव की बे!" दुसऱ्या गाण्यात त्याचा ताल असा सुटला की सगळा बँडच थांबला.

गायक घामाघूम होऊन खाली माझ्यापाशी आला.

"ये ना रे, सांभाळून घे."

"कावून? तुझा फोटोवाला हाय की."

"इज्जतीचा प्रश्न आहे, मित्रा."

"कुणाच्या इज्जतीचा? आधी माइकवर सांग, कॅसेटवर कुणी वाजवलंय."

"नंतर सांगतो, शपथ."

"मग मीबी नंतर वाजवतो."

शिट्ट्या वाढत होत्या. तो वर गेला, माझ्याकडे बोट केलं आणि पडेल आवाजात म्हणाला, "कॅसेटवरचे ड्रम्स याचे आहेत."

मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू न्हाई आलं!"

"मलाबी न्हाई!" मी ओरडलो.

त्याला पुन्हा सांगावं लागलं, मोठ्याने. मग मी चढलो. पहिला कडाका उडाला आणि सगळं मैदान उभं राहिलं. गिटारवाले माझ्या मागे धावत होते. लोकांनी एकच गाणं तीनदा वाजवायला लावलं. मी खाली उतरलो तो पोरांच्या खांद्यावर.

त्या गायकाबरोबर पुन्हा बसलो नाही. गरजही पडली नाही. आता केस पिकलेत, तरी मोठमोठे मेटल बँड मला बोलावतात, माझ्या अटींवर. नव्या दमाचे ड्रमर माझा डावा हात पाहायला गेवराईपर्यंत येतात. मी जिंकलो, यात वाद नाही.

पण त्या कार्यक्रमानंतर कॅसेटची सीडी निघाली आणि तिच्यावर पुन्हा तोच लांब केसांचा मावसभाऊ. अरे गायका, भर मैदानात दोनदा कबूल केलंस, मग हा फोटो कुणाला विचारून छापलास? मला घरी येऊन समजावू नकोस. बीडला ये, माइक हातात घे आणि लोकांना उत्तर दे.