शबानाच्या किचनमधली भिंत

गेल्या महिन्यात एका रविवारी, पुंडलिकनगरच्या आमच्या घरात डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून मी कॅनडातल्या लाकडी घरांचं लोड कॅल्क्युलेशन करत बसले होते. मुलं मोठी झाली, म्हणून पुन्हा इंजिनिअरिंगकडे वळलेय... घरबसल्या तिकडच्या कंपन्यांचं काम करता यावं म्हणून ऑनलाइन कोर्स चालू आहे.

मी आजवर बघितली ती सिमेंट-सळईचीच घरं. तिथं छपरावर चक्क बर्फाचं वजन धरायचं! ते छपरातून भिंतीत, भिंतीतून घराच्या पायात कसं उतरतं, ते बाण काढून दाखवायचं. बाण काढता काढता शबाना आठवली...

कॉलेजातली माझी जिवलग मैत्रीण. औरंगपुऱ्यातल्या दुकानातून ड्रॉइंग शीट घ्यायच्या आणि त्यांचा रोल दोघींच्या मधे धरून एका स्कूटीवर तिच्या घरी जायचं. अम्मीच्या हातची खिचडी खात ती मला बीमची गणितं शिकवायची. लग्न करून ती कॅनडाला गेली आणि तिचं इंजिनिअरिंग मागेच राहिलं.

सरावासाठी मी तिच्याच घराचा नकाशा मागितला. तिनं लगेच पाठवला, वर मेसेज... "किचन आणि हॉलमधली भिंत शनिवारी पाडतोय गं. नवरा आणि त्याचा दोस्त मिळून!"

नकाशा नीट बघितला. वरच्या मजल्याच्या लाकडी तुळया त्याच भिंतीवर टेकलेल्या. पुन्हा हिशोब केला, उत्तर तेच. फोन लावला.

"शबाना, त्या भिंतीला हात लावू नका. वरचा मजला तिच्यावर बसलाय."

"पक्का?"

"मी अजून शिकतेय गं... तिथल्या इंजिनिअरला दाखव. तोपर्यंत काही पाडू नका."

बुधवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. इंजिनिअर बघून गेला होता. आधी भक्कम बीम टाका, मगच भिंत काढा, म्हणाला.

सांगता सांगता ती रडायला लागली. मला वाटलं, भीतीनं... "नाही गं," ती म्हणाली, "आपण टॉपर होतो ना? इतकी वर्षं त्याच घरात राहतेय, आणि मला ते दिसलंच नाही. सगळं विसरले मी... मेरेकू भी सिखा ना."

आता रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिच्या सकाळी, आम्ही दोघी अभ्यासाला बसतो. सुरुवातीला ती फार अडखळायची. काल मात्र माझा हिशोब चालूच होता आणि तिनं उत्तर सांगून टाकलं... बरोबर होतं.

इतकं बरं वाटलं, काय सांगू!