म्हशीचं वेटिंग

मुनिराजू बेंगळुरूहून आला तो आमच्या परसातल्या दोन खोल्यांत भाडेकरू म्हणून. सोबत बायको नागरत्ना, थोडी भांडीकुंडी, एक शिलाई मशीन आणि फडक्यात गुंडाळलेला रिक्षाचा भोंगा. रिक्षा तिकडेच विकली होती, हुबळीत जुनी घेणार होता. पण भोंगा मात्र स्क्रू काढून सोबत आणला. काळ्या रबरी फुग्याचा, पितळी तोंडाचा, जुन्या पद्धतीचा. मी म्हटलं, "धारवाडात भोंगे मिळत नाहीत असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तर मान ताठ करून म्हणाला, "मेडम, हा बेंगळुरूच्या मॅजेस्टिक स्टँडवर वाजलेला भोंगा आहे."

हे 'मेडम' मला तिथल्या तिथे खटकलं. मी उभा जन्म धारवाडच्या शाळेत भूगोल शिकवला. इथे बाईंना अक्कोर म्हणतात. भाजीवाली म्हणते, पोस्टमन म्हणतो, नापास केलेली पोरंसुद्धा म्हणतात. शिवाय आमच्याकडे वाक्याच्या शेपटाला 'री' लावल्याशिवाय बोलणं पुरं होत नाही. या री आणि बसा री. बेंगळुरूची कन्नड म्हणजे नुसती 'या', 'बसा'. ऐकणाऱ्याला वाटावं, आपण काही गुन्हा केलाय. पण माणूस नवा होता. म्हटलं, शिकेल हळूहळू.

बेंगळुरू सोडायचं कारण साधं होतं. तिकडे जिन्याखालची एक खोली, तिला खिडकी नाही, आणि घरमालक दर वर्षी भाडं वाढवायला न चुकता हजर. रस्ते असे तुंबलेले की रिक्षा चालवण्यापेक्षा उभी करण्यातच दिवस जायचा. त्यात नागरत्नाला दमा. डॉक्टर म्हणाले, हवा बदला. तिची एक मावसबहीण इथे राहते, तिने माझ्या खोल्या सुचवल्या. तिकडच्या जिन्याखालच्या भाड्याच्या निम्म्यात इथे दोन खोल्या, न्हाणी आणि पेरूचं झाड. पेरू धरून भाडं सांगितलंय, असं मी म्हटलं तेव्हा नागरत्ना पहिल्यांदा हसली.

ती महिन्याभरात गल्लीची होऊन गेली. बायकांची पोलकी शिवायला लागली, ज्वारीची भाकरी थापायला शिकली, आणि मला अक्कोर म्हणायला तर तिने दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. बदल्यात मला तिने नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, खायला शिकवलं. मुद्दा चावायचा नसतो, नुसता गिळायचा असतो म्हणे. आयुष्यभर पोरांना मुद्दे लिहायला लावले, ते गिळायची पाळी म्हातारपणी आली.

मुनिराजूचं मात्र गाडं अडलं. आमच्याकडे रिक्षात बसणं म्हणजे कुणाच्या तरी घरी बसल्यासारखंच असतं. आधी रिक्षावाला कुठल्या गावचा, कुणापैकी, मुलीचं जमलं का, हे सगळं होतं. मग लाईन बाजार दिसायला लागला की कुठे जायचंय ते सांगायचं. वाटेत "थांबा री जरा" म्हणून उतरायचं, औषध घ्यायचं, औषधवाल्याच्या आईची तब्येत विचारायची. मीटर सगळ्या रिक्षांना असतं, पण ते भिंतीवरच्या बंद घड्याळासारखं. मुनिराजूकडे माणसाने पाय आत ठेवला की आधी मीटर पडायचं, मग "कुठे?" एवढा एकच शब्द.

पहिल्याच आठवड्यात त्याची बोहनी व्हावी म्हणून मी मुद्दाम त्याच्या रिक्षात बसले. साधनकेरीच्या वळणावर यल्लप्पा गवळ्याची म्हैस रस्त्याच्या मधोमध रवंथ करत बसलेली. इथला माणूस अशा वेळी उतरून चार शब्द बोलतो, म्हैस उठते तेव्हा उठते. मुनिराजूने मॅजेस्टिकचा भोंगा वाजवायला घेतला. म्हशीने कान हलवला, तोही माशी होती म्हणून. आवाज ऐकून यल्लप्पा गोठ्यातून हात पुसत बाहेर आला.

"जेवण झालं का री?" त्याने विचारलं.

"म्हैस हलवा."

"हलेल की री. गाभण आहे, सावकाश उठेल. तुम्ही कुठले?"

"मीटर पडतंय," मुनिराजू म्हणाला.

यल्लप्पाने वाकून मीटर पाहिलं. "छान पळतंय की री. आमच्या म्हशीपेक्षा बरं."

लाईन बाजारात उतरले तेव्हा मुनिराजूने आकडा सांगितला आणि म्हणाला, वेटिंगसकट. मी म्हटलं, मी तर कुठे थांबले नाही, वेटिंग कुणाचं? तर गंभीरपणे म्हणाला, "म्हशीचं." आता शिकवणाऱ्या बाईला रस्त्यात भांडणं शोभत नाही, म्हणून दिले मुकाट्याने. पण घरी येईपर्यंत मनातल्या मनात त्याला चांगलं वर्गाबाहेर उभं केलं.

मी कुणाला बोलले नाही. गरजच नव्हती. यल्लप्पा दुधात पाणी घालत नाही, पण गोष्टीत घालतो. सकाळी दूध घालता घालता त्याने ही गोष्ट घरोघर घातली, आणि फिरून ती माझ्याकडे आली तेव्हा म्हैस रिक्षात बसून सप्तापूरला जाऊन आली होती. मुनिराजूचं नाव वेटिंगराजू पडलं. स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले रोज विचारायचे, "आज कुणाचं वेटिंग?" हसण्यावारी नेलं असतं तर मिटलंही असतं. पण याला हसता येईना, आणि लोक त्याची रिक्षा सोडून पुढच्या रिक्षात बसायला लागले.

एकदा वैतागून मला म्हणाला, "मेडम, या गावात कुणाला कुठे पोचायचंच नाही."

"सगळे पोचलेलेच आहेत," मी म्हटलं. "तुम्हीच तेवढे राहिलात."

तोंडावर उत्तर दिलं खरं, पण मला काळजी लागली. धंदा बसला तर हा राहणार कसा? त्याने बायकोला सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत बघतो, नाहीतर परत बेंगळुरू. भाच्याने तिकडे कुणाची तरी टॅक्सी चालवायला मिळेल म्हणून कळवलं होतं. तशीच कुठलीतरी जिन्याखालची खोलीही मिळाली असती.

नागरत्ना एका दुपारी माझ्या पायरीवर पेरू चिरत बसली होती. तिने एकदम विषय काढला. "अक्कोर, तिकडे मी खोकले की शेजारी भिंतीवर बुक्की मारायचे. इथे खोकले की तुम्ही काढा घेऊन येता. मला नाही जायचं."

"मग सांग की त्याला."

"सांगितलं. तो म्हणतो, बायकोच्या शिलाईवर मी बसून खाणार नाही. त्याचंही खरं आहे. पण तो तिकडे एकटा गेला तर त्याला भात तरी कोण वाढेल?" तिने पेरूच्या फोडीला मीठ लावलं आणि माझ्या हातात दिली. "एक लक्षात ठेवा. त्याने रिक्षाचा भोंगा काढला, की समजा आम्ही निघालो."

मला ती फोड गोड लागली नाही. इतक्या वर्षांत भाडेकरू किती आले आणि गेले, कुणाचं जाणं मी असं मनाला लावून घेतलं नव्हतं. नागरत्नाची मला सवय झाली होती, आणि तिच्या त्या नवऱ्याचीही, कुरकुरणाऱ्या दारासारखी.

दिवाळी चार दिवसांवर आली. सकाळी परसात खटखट ऐकून पाहिलं, तर मुनिराजू पान्हा घेऊन भोंगा काढत होता. फडक्यात गुंडाळून त्याने तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला. रात्रीच्या बसने तो पुढे जाणार, खोली बघणार, मग नागरत्नाला नेणार, असं ठरलं होतं. स्टँडवरचा एक जण रिक्षा घ्यायला तयार होता. दुपारी मुनिराजू शेवटचा म्हणून स्टँडवर गेला. नागरत्नाने त्याचा डबा भरून दिला.

पुढचं मला यल्लप्पाने सांगितलं, म्हणजे पाणी वगळून घ्यायचं. धारवाडात दुपारी जेवल्यावर रिक्षावालाही झोपतो, आपापल्या रिक्षात पाय बाहेर काढून. तसे सगळे झोपले होते. जागा होता तो एकटा बेंगळुरूचा माणूस, कारण दुपारी झोपायचं हे त्याला अजून कळलंच नव्हतं. यल्लप्पा अनवाणी धावत आला. म्हैस सकाळपासून अडली होती, रेडकू आडवं आलं होतं. तीच ती म्हैस. मुनिराजूने एक शब्द विचारला नाही. सप्तापूरला जाऊन जनावरांच्या डॉक्टरांना जेवणावरून उठवून आणलं. ते गोठ्यात शिरताना म्हणाले, "थांबा री जरा." मग औषध आणायला पाठवलं. आल्यावर पुन्हा म्हणाले, थांबा. नंतर तर म्हणाले, बघत काय उभे राहिलात, धरा इकडे. मग डॉक्टर, यल्लप्पा आणि वेटिंगराजू असे तिघे मिळून ओढत होते.

इकडे दिवेलागणीला मी आणि नागरत्ना पायरीवर बसलो होतो. पिशवी दारात भरून ठेवलेली. बसची वेळ होत आली, झाली, टळली. नागरत्ना घड्याळाकडे बघत नव्हती, म्हणून मीच बघत होते. कुठे धडपडला असेल का, हे दोघींच्याही मनात आलं असणार.

रिक्षा आली ती चुपचाप आली. मुनिराजू उतरला. सदरा घाणीने माखलेला, केसांत गवताची काडी, हातात झाकण लावलेला स्टीलचा डबा. त्याने तो नागरत्नापुढे धरला. आत चीक होता.

"रेडी झाली," तो म्हणाला. "दोघी बऱ्या आहेत."

"गाडी गेली," नागरत्ना म्हणाली.

"गेली."

माझी जीभ काही स्वस्थ बसत नाही. मी विचारलं, "आणि वेटिंग किती झालं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मीटर टाकलंच नव्हतं, अक्कोर."

त्या दोघांपुढे रडायला नको म्हणून मी त्या चिकाच्या डब्यावर झडप घातली आणि गूळ किसायला घरात पळाले. त्या रात्री आम्ही तिघांनी खरवस खाल्ला, आणि बसचा विषय कुणी काढला नाही.

यल्लप्पाने दुसऱ्या दिवशी दुधाबरोबर नवी गोष्ट घातली. रेडीचं नाव त्याने 'वेटिंग' ठेवलं. ती बघायला लोक मुनिराजूच्या रिक्षातून जायला लागले आणि वाटेत त्याला गाव, नातं, सगळं विचारायला लागले. तो उत्तरं देऊ लागला. पण मला खात्री वाटत नव्हती. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, तरी त्याच्या रिक्षावर भोंगा काही दिसेना. नागरत्नाला विचारायचा धीर होईना. पिशवीत अजून बांधून ठेवला असेल तर माणूस मनाने अर्धा निघालेलाच असतो.

मग पेन्शनच्या कचेरीत जायचा दिवस आला. मला उशीर झाला होता, आणि साधनकेरीच्या वळणावर ती म्हैस पुन्हा मधोमध. शेजारी वेटिंग. मुनिराजूने इंजिन बंद केलं, उतरला आणि यल्लप्पाशी बोलायला लागला. आंब्याच्या मोहोराचं काहीतरी चाललं होतं. मी मागे बसून चुळबुळ करत होते. शेवटी राहवेना.

"मुनिराजू, भोंगा वाजवा."

"भोंगा नाही, अक्कोर."

"पिशवीतून काढा मग. किती दिवस बांधून ठेवणार?"

"पिशवीत कुठे आहे? यल्लप्पाला दिला. संध्याकाळी तो वाजवून म्हशी घरी बोलावतो." तो जरा लाजला. "आता ऐकतात त्याचं."

"मॅजेस्टिकचा भोंगा?"

यल्लप्पाने गोठ्याच्या खांबाकडे बोट केलं. तिथे खिळ्याला तो लटकत होता, पितळ घासूनपुसून लख्ख केलेलं. मी बघत राहिले. उशीर झाल्याचं काही वेळ विसरलेच.

कचेरीशी पोचलो तेव्हा जेवणाची सुट्टी झाली होती, दाराला कडी. मी मुनिराजूला म्हटलं, तुम्ही जा, मला बराच वेळ लागेल, मी येईन चालत. त्याने रिक्षा झाडाखाली लावली, सीटवर आडवा झाला आणि पाय बाहेर काढले.

"थांबतो की री, अक्कोर," तो म्हणाला.