चाचांना दिलेली झेरॉक्स

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या मुश्ताकला तर नाहीच नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही त्याला ओळखत नाही म्हणून असेल. भित्र्या माणसाची तऱ्हाच ही – जिथं काही बिघडणार नाही तिथं मन मोकळं करायचं. नावंसुद्धा बदलली आहेत.

दोन हजार एक-दोनचा सुमार. मी महाडात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचो. रविवारी क्लास बंद आणि किल्ली माझ्याकडे. दुपारचं जेवण झालं की आम्ही चौघं तिथं जमायचो – मी, कॉलेजपासूनचा दोस्त मुश्ताक, पोलादपूरहून एसटीनं येणारा सुनील आणि त्याचा चुलतभाऊ. लोकांना वाटायचं पत्ते कुटतात. आम्ही खेळायचो गोष्टीचा खेळ. मुश्ताकच्या मामेभावानं दुबईहून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं होतं, सोबत चित्रविचित्र आकाराचे फासे. खेळ सोपा. एकानं सूत्रधार व्हायचं, प्रसंग रचायचा, सांगायचा. बाकीच्यांनी एकेक पात्र घ्यायचं आणि आपलं पात्र आता काय करील ते बोलायचं. अडलं की फासे टाकायचे. सूत्रधार मीच. बोलायची खाज मलाच जास्त होती ना.

वर्षभर आमच्या गोष्टी किल्ल्यांत आणि घाटांत फिरल्या. रायगड उशाला, वरंध घाट बाजूला, रचायला कष्ट पडत नसत. मग सुनील कंटाळला. म्हणाला, आता समुद्रावर ने. तीन-चार रविवारची छोटी सफर कर. मी हो म्हटलं. समुद्र मी किती पाहिला होता? शाळेच्या सहलीत, गुडघाभर.

तरी रचलं. बाणकोटहून निघणारं गलबत, एक तापट तांडेल, म्हणजे जहाजाचा म्होरक्या, आणि आठ खलाशी. मुश्ताक म्हणाला, आमच्या अब्बांना दाखव, ते जहाजावर होते. हमीदचाचा तरुणपणी लाकडी मालवाहू जहाजांवर खलाशी होते, नंतर बरीच वर्षं आखातात काढून घरी परतलेले. उंच, मोजकं बोलणारे. माझी वही मी त्यांना वाचून दाखवली. ऐकून म्हणाले, "हे जहाज हाय का एस्टी? टाइम झाला नि निघाली? भरती कुठं हाय? वारा कुठं हाय?"

मग रोज संध्याकाळी क्लास सुटला की मी त्यांच्या ओट्यावर. भरती-ओहोटी, शिडं, गाठी – वीतभर दोरी घेऊन त्यांनी मला गाठी शिकवल्या. पाणी कसं राखून प्यायचं, डोलकाठीवर चढून नजर कशी ठेवायची, सगळं. मी भराभरा उतरवून घ्यायचो. त्यांना बरं वाटायचं. मुश्ताकनं कधी एवढं विचारलं नसावं. मलाही आवडायचे ते – हे लिहिणं भाग आहे, कारण पुढचं जे मी केलं ते आवडत्या माणसाशी केलं.

एकदा मी विचारलं, चाचा, खलाशाला सगळ्यात जास्त भीती कशाची? मला वाटलं वादळ म्हणतील. ते दोरी गुंडाळून घरात गेले. दोन दिवसांनी, मुश्ताक कामानं खेडला गेलेला असताना, आपणहून सांगितलं.

ते एकोणीस वर्षांचे होते. डोलकाठीवरून टेहळणीला. त्यांना लांब एक उलटलेली होडी दिसली, त्यांनी हाळी दिली, तांडेलानं जहाज वळवलं. जवळ जाऊन बघतात तर ओंडका. चांगला वारा फुकट गेला. तांडेलानं सगळ्यांसमोर त्यांना दोरीनं मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं विरताना पुन्हा काहीतरी दिसलं. उभं वल्हं, त्याला लाल फडकं, आणि ते हलतंय. खालून तांडेलानं विचारलं, काय दिसतंय रे? हे म्हणाले – काय नाय.

बाणकोटला पोचल्यावर कळलं, मासेमारीला गेलेला एक मचवा तीन माणसांसकट परतला नव्हता. "तेच होते का दुसरे कोण, अल्लाला ठाऊक," चाचा म्हणाले. "मुश्ताकला सांगू नको. त्याला मी चांगला मानूस वाटतो."

मी मान डोलावली. आणि खरं सांगतो – मान डोलावतानाच मला माझ्या सफरीचा दुसरा रविवार दिसत होता.

हे मी का केलं? प्रसंग जबरदस्त होता म्हणून, असं मी स्वतःला कैक वर्षं ऐकवलं. ते अर्धंच खरं. प्रसंग सुनीलला देता आला असता. मी तो मुश्ताकला दिला. डोलकाठीवर मुद्दाम त्यालाच चढवलं. मला बघायचं होतं, बापानं जे केलं तिथं मुलगा काय करतो. कुतूहल म्हणा. मी दुष्टपणा म्हणतो.

सफरीच्या पहिल्या रविवारी ओंडका दाखवला, तांडेलाकडून त्याच्या पात्राला मार देववला. दुसऱ्या रविवारी धुकं, वल्हं, लाल फडकं. टेबलाभोवती कोणी हलेना. इतका चांगला सूत्रधार मी त्याआधी कधी नव्हतो आणि नंतरही झालो नाही. मी तांडेलाच्या आवाजात विचारलं, काय दिसतंय रे? मुश्ताकनं फाशांकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाला, "हाळी देतो. परत मारला तरी चालेल."

तिथं थांबायला काय झालं होतं? पण मी थांबलो नाही. विचारलं, आणि एखादा गप्प राहिला असता तर? मुश्ताक हसत म्हणाला, "त्याला बांधून पाण्यात टाका. तो मानूस कसला?" सगळे हसले. मीही. निघताना त्यानं विचारलं, हे तू स्वतः रचलंस? मी म्हटलं, मग काय. त्यानं पाठीवर थाप मारली.

घरी जाऊन जेवताना त्यानं ती अख्खी गोष्ट अब्बांना सांगितली. रंगवून, हातवारे करून, शेवटच्या वाक्यासकट. हे मला त्यानंच सोमवारी आनंदानं सांगितलं.

तीन दिवस मी ओट्याकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी चाचाच क्लासवर आले. कधी न येणारा माणूस. मुलांना सुट्टी दिली होती, मी एकटाच होतो. त्यांनी खुर्ची घेतली नाही.

"तू सांगितलंस त्याला?"

चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर कदाचित मी कबूल केलं असतं. पण दाराची चौकट धरून ते माझ्या तोंडून 'नाही' ऐकायला थांबले होते. मी म्हटलं, "नाही चाचा. तो प्रसंग त्या पुस्तकातच आहे. छापलेला. मला वाटलं होतं गाळावा, पण बाकीच्यांनी आग्रह धरला."

किती सहज आलं ते तोंडून. पुस्तक इंग्रजी, चाचांना इंग्रजी येत नव्हतं. एवढा हिशेब माझ्या डोक्यानं क्षणात केला.

ते हळूहळू खुर्चीत बसले. म्हणाले, "छापलेला हाय? म्हंजे दुसऱ्या कोनाकडनं पन असंच झालंय."

मी हो म्हटलं.

"कुठल्या मुलखातला मानूस?"

मी सांगितलं, बहुतेक पोर्तुगालचा. काय सुचेल ते. चाचांनी डोळे पुसले. चाळीस वर्षं त्यांना वाटत होतं की जगात असं करणारे आपण एकटेच. मग त्यांनी विचारलं, ते पान मला मिळंल? मला वाचता नाय येणार. पण जवळ ठेवीन.

आता तरी सांगता आलं असतं ना? क्लासमध्ये झेरॉक्स मशीन होतं. मी पुस्तक उघडलं, समोर आलं ते पान काचेवर ठेवलं आणि प्रत काढून त्यांच्या हातात दिली. त्या पानावर सामानाची यादी होती. घोड्याचं खोगीर, कंदील, मशाली आणि त्यांची वजनं. चाचांनी कागदाची चार घड्या घालून तो सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. मुलाला ते हा कागद कधीच दाखवणार नाहीत, हेही मला माहीत होतं.

त्यानंतर ते माझ्याशी पूर्वीसारखंच, उलट जास्तच मायेनं वागले. ईदला शिरखुर्म्याचा डबा न चुकता यायचा. मी खायचो.

चाचा वारले तोवर मध्ये सात-आठ वर्षं लोटली होती. आमचा खेळ केव्हाच मोडला होता. मातीला मी गेलो. महिन्याभरानं मुश्ताक घरी आला, अब्बांच्या जुन्या पासपोर्टात सापडलेला एक कागद घेऊन. घड्यांवर झिजलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. त्यानं पान लगेच ओळखलं होतं.

"हे आपल्या पुस्तकातलं. अब्बांकडं कशाला रे?"

मी म्हटलं, मला नाही माहीत.

त्यानं कागद टेबलावर सपाट केला. मग म्हणाला, "त्यांना आपला खेळ आवडत होता. कधी बोलले नाय. बघ, जपून ठेवलंय."

मी हो म्हटलं. म्हटलं, फार आवडायचा. ओट्यावर बसून नेहमी विचारायचे.

त्यानं कागद परत घड्यांवरच दुमडला आणि घेऊन गेला. आता तो त्याच्या दुकानात, काउंटरमागच्या भिंतीवर, फ्रेममध्ये आहे. मी महिन्यातून एकदा तरी तिथं जातो. त्याच्यासमोर बसतो, चहा घेतो.